माहेरच्या नावाची सीडी

आमच्या दवाखान्यात मी ज्या खोलीत बसतो, तिच्या दारावर पाटी नाही. कोणी विचारलं की शिपाई सांगतो, "ते सीडीवाले न? एक्स-रेच्या मागं, कुलरच्या बाजूनं जा." मला हे नाव आवडतं. खरं पद लांबलचक आहे आणि ते सांगून आजवर एकाही पाहुण्याला काही कळलेलं नाही. काम मात्र सोपं आहे. लोक बाहेरगावच्या दवाखान्यात, स्कॅन सेंटरात काढलेली चित्रं घेऊन येतात. ती आमच्या संगणकातल्या साठ्यात त्याच माणसाच्या नावाखाली नेऊन ठेवायची. मग आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना एकाच पडद्यावर जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी दिसतं. आजार वाढला, घटला की जागच्या जागी आहे, ते त्यावरून कळतं.

आता बरीच चित्रं फोनवरच्या लिंकने येतात. सीडीचे दिवस संपत आले, त्यामुळे माझं नावही थोड्या दिवसांचंच. पण काय काय पाहिलं या सीड्यांनी! साडीच्या दुकानाच्या पिशवीतून आल्या, भाकरीच्या डब्यातून आल्या, उशीच्या खोळीतून आल्या. एका आजीने सीडीला हळदकुंकू लावून आणलं होतं. ते पुसताना आजी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी मनातल्या मनात नमस्कार करून घेतला. एकाने एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढला आणि तो पाठवला. त्यात बरगड्यांच्या मागे गज, गजांच्या मागे तुळस आणि तुळशीमागे बांधलेली शेळी, सगळं आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "शेळीची तब्येत उत्तम आहे. पेशंटचं काही दिसत नाही."

आणि एकदा एका काकांनी दिलेली सीडी लावली तर पडद्यावर बँड सुरू! नवरदेव घोड्यावर, मागे सगळी वरात नाचतेय. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, टेक्निशियन आले, शिपाई आला. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काका गोंधळून म्हणाले, "हे तं भाच्याचं लग्न हाय बाप्पा. मंग माह्या मणक्याची तिकडं गेली असन." गेलीच होती. तिथे भाच्याकडे घरभर बायका जमून मंगलाष्टकांची वाट बघत बसल्या होत्या म्हणे, आणि टीव्हीवर काकांचा मणका.

तर हे असं आनंदाचं काम. त्यात मी एकदा जे केलं, ते कोणाला सांगितलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा. लोकांना वाटतं शांत स्वभाव आहे. बहुतेक वेळा तसंच असतं. त्या एका बाबतीत मात्र मी शांत नव्हतो, लपलेला होतो.

आधी नियम सांगतो. बाहेरचं चित्र आत घ्यायचं तर नाव, बाई की पुरुष, आणि जन्मतारीख, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. यातली जन्मतारीख आमच्या जिल्ह्यात निकामी आहे. माझ्या वयाच्या पुढची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं आणि मोकळे झाले. म्हणजे उरलं नाव. नावाने मला एकदा तोंडघशी पाडलं होतं. दोन चुलतभाऊ होते, दोघांनाही एकाच आज्याचं नाव ठेवलेलं, आडनाव तेच, गाव तेच, जन्म अर्थातच एक जून. एकाचा गुडघा मी दुसऱ्याच्या नावावर टाकला. टेक्निशियनच्या लक्षात वेळेत आलं, कोणाचं काही बिघडलं नाही. पण मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही नाव वाचता, की नुसतं बटण दाबता?" त्या दिवसापासून मी फार कडक झालो. नाव म्हणजे नाव. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी चित्र बाहेर.

त्या दिवसांतच ती बाई आली.

बोरी अरब गावची, चाळिशीतली, घरची शेती. सोबत तिचा धाकटा भाऊ, दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन दुरुस्तीला असलेला. खोकला जात नव्हता म्हणून आमच्याकडे तिच्या छातीचं स्कॅन झालं होतं, आणि उजव्या फुप्फुसात हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक डाग दिसला होता. असा डाग नवा असेल तर काळजीचा. वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर जुन्या आजाराचा वण समजून सोडून द्यायचा. सगळं त्यावर होतं. मॅडमनी विचारलं, आधी कधी स्कॅन केलं होतं का? केलं होतं. चारेक वर्षांपूर्वी ती आजारपणात माहेरी आली होती, तेव्हा भावाने नेऊन केलं होतं. त्याचा कागद उंदरांनी खाल्ला होता, पण सीडी होती. त्याने ती माझ्यापुढे ठेवली.

मी सीडीवरचं नाव वाचलं आणि बाजूला सारली. "ताई, हे नाव तुमचं नाही."

"माह्यंच हाय. माहेरचं हाय ते."

"कार्डावर वेगळं आहे. पहिलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. सगळंच वेगळं."

"ते सासरचं. लग्नात ठेवलेलं. तुमच्यात नाई ठेवत काय?"

भाऊ मध्ये पडला. "सर, चुकी माह्यी हाय. खिडकीवर इचारलं, नाव काय. म्या सांगून देल्लं. बहीण हाय न माही, माह्या तोंडात तेच येते."

आमच्यातही ठेवतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. मीही लिहिलंय. मित्र मागून ओरडत होते, अक्षर नीट काढ बे, परीक्षा आहे! म्हणजे ती बाई काय सांगत होती ते मला नीट कळत होतं. तरी मी म्हणालो, "दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, याचा पुरावा लागेल. लग्नाचा दाखला आणा."

"लग्नाचा दाखला?" ती हसायला लागली. "अवं, पोरगी बारावीत गेली माही. तेच दाखला समजा न!"

मागे रांगेत दोघंतिघं हसले. मला वाटलं माझ्यावर हसले. "सीडी राहू द्या इथे. दाखला आणला की टाकतो," असं म्हणून मी पुढच्याला बोलावलं. सीडी खणात गेली. मॅडमनी रिपोर्टमध्ये लिहिलं की तुलनेसाठी जुनं चित्र उपलब्ध नाही, आणि बाईला नागपूरला पाठवलं. तिथे सुई घालून त्या डागाचा तुकडा काढून तपासायचा होता.

इथपर्यंत नियम माझ्या बाजूला होता. यापुढचं सांगायला मला इतका वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी काम कमी होतं. खण उघडला, सीडी दिसली, सहज लावली. छान उघडली. स्कॅनच्या सुरुवातीला सगळ्या छातीचं एक साधं चित्र येतं, त्यात डाव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मधेच वाकडं जुळलेलं दिसलं. लहानपणी कधी पडून मोडलं असणार. मी आमचं आदल्या दिवशीचं चित्र शेजारी लावलं. तेच हाड, तोच वाकडेपणा. पुढे सरकवत गेलो. उजव्या फुप्फुसात हरभऱ्याचा दाणा, त्याच जागी, तेवढाच. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं शेजारी शेजारी चित्रं लावतोय. डाग जुना होता.

मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. उठून दहा पावलं चालायची होती. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या त्या सुट्टीवर गेल्या. मग मी म्हटलं, त्या आल्यावर सांगू. असं म्हणता म्हणता भावाचा फोन आला, नागपूरहून.

"सर, इथले डॉक्टर म्हणून राह्यले, जुना फोटो असन तं सुई टाकाची गरजच नाई पडत. ते सीडी पाठवता येते काय? माणूस पाठवू काय घ्याले?"

आणि मी म्हणालो, "ती उघडत नाही."

"नाई उघडत?"

"खराब झाली असेल. उन्हात ठेवली होती का कुठे?" हे मीच विचारलं. त्याने काही म्हणायच्या आत कारणही मीच त्याच्या हातात दिलं.

तो म्हणाला, "गाडीच्या डिक्कीत होती सर. पुरा उन्हाळा."

"मग झालंच," मी म्हणालो.

का केलं असं? घाबरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही. जेवण झालं होतं, पंखा चालू होता, कोणी ओरडत नव्हतं. "उघडते" म्हटलं असतं तर "मग त्या दिवशी का नाही उघडली" हा प्रश्न आला असता, एवढंच. त्या एका प्रश्नापासून वाचण्यासाठी मी एका बाईच्या छातीत सुई जाऊ दिली.

सहा महिन्यांनी दोघं परत आली. बाई वाळली होती, पण बोलणं तसंच. नागपूरची कथा तिने मला उभ्या उभ्याच ऐकवली. सुई गेली, फुप्फुसाच्या बाहेर हवा भरली, मग कुशीत नळी टाकून ठेवली. "नळीच्या बाटलीत बुडबुड बुडबुड चाले दिवसभर. बाजूच्या बाईले म्हणो म्या, हुक्का ओढून राह्यलो समज." बायोप्सीत वाईट काही सापडलं नव्हतं, पण तुकडा इतका लहान की खात्रीने काही सांगता येईना. म्हणून आता नागपुरातच पुन्हा स्कॅन झालं होतं, आणि तुलना आमच्याकडे. तिने नागपूरची सीडी माझ्यापुढे ठेवली.

"पाहा बरं आता. यावेळी सासरचंच नाव हाय. भावाले दम देल्ला होता म्या."

"दम?" भाऊ म्हणाला. "सहा महिने झाले सर, टोमण्याशिवाय चहा नाई भेटला मले इच्या घरी. म्हणते, नावही चुकवलं अन् सीडीही उन्हात शिजवली. अन् इच्या घरचे, आमचे जवाई, तं धड बोलतच नाईत माह्यासंग."

"कायले बोलतीन?" बाई म्हणाली. "तुह्यापायी भोक पडलं माह्या छातीले."

दोघं हसली. मी नागपूरची सीडी आत घेतली. नाव जुळलं, काम झालं. खण माझ्या गुडघ्याला लागून होता. तेव्हाही मी काही बोललो नाही. मॅडमनी पाहून सांगितलं की सहा महिन्यांत वाढ नाही, चांगलं लक्षण आहे, पण निर्धास्त व्हायला आणखी दीड वर्ष बघावं लागेल. बाईचा चेहरा तेवढा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. "म्हंजे अजून दीड वर्ष भेव? रातच्याले मी खोकललो का आमची पोरगी उठून बसते. म्हणते, अमरावतीले शिकाले नाई जात, तुह्यापाशी राह्यतो."

त्यानंतर सहा महिने मी ते वाक्य घेऊन फिरलो. सीडी खणात, वाक्य डोक्यात.

शेवटी झालं ते फार साधं झालं. रविवारची दुपार होती, बायको तूर निवडत बसली होती. तिच्या मावशीचा फोन आला. फोन माझ्या हातात, स्पीकरवर. मावशीने जुन्या नावाने हाक मारली तशी बायकोची मान झटकन वर आली, सुपातले दाणे सांडले. मी तांदळात लिहिलेल्या नावाने हाक मारली की ती इतक्या चटकन कधी बघत नाही. फोन झाल्यावर मी तसं म्हणालो.

ती म्हणाली, "मंग? वीस वर्षं झाले, तुम्ही हाक मारली का आधी वाटते दुसऱ्याच कोणाले बोलावून राह्यले. अन् तुमाले वाटते मले कमी आयकू येते."

मी हसलो, आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. सीडी, हाड, नागपूरचा फोन, डिक्की, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. तिने सांडलेले दाणे गोळा केले आणि म्हणाली, "मंग उद्या जाऊन टाका न ते सीडी. का मुहूर्त पाहून राह्यले?"

पुढच्याच आठवड्यात त्या बाईची तारीख होती. तिच्या स्कॅनच्या दिवशी सकाळी जाऊन मी सीडी लावली. आमच्या यंत्रणेत "पूर्वीचं नाव" असा एक रकाना आहे. तो पहिल्या दिवसापासून होता आणि मला माहीत होता. त्यात माहेरचं नाव टाकलं, बटण दाबलं. शिपायाने आणलेला चहा प्यायच्या आत पाच वर्षांपूर्वीची छाती आजच्या नावाखाली येऊन बसली.

दुपारी मॅडमनी हाक मारली. पडद्यावर चारही चित्रं ओळीने होती. "अहो, हे तर पहिल्यापासून एवढंच आहे! काहीच नाही हे. यांना सोडून देता येईल आज." मग त्यांनी चष्मा वर केला. "हे जुनं कधी आलं?"

"पहिल्याच दिवशी, मॅडम."

"पहिल्या दिवशी म्हणजे? नागपूरच्या आधी?"

"आधी. उघडत होती. मी नाही म्हणालो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. पूर्वीसारख्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "वर लिहून द्यावं लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी त्यांना सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

भाऊबहीण बाहेर बाकावर बसली होती, पाचपन्नास माणसांत. मी समोर उभा राहिलो. "ताई, डाग वाढला नाही. पाच वर्षांपूर्वीही तेवढाच होता. आता परत यायची गरज नाही."

बाईने दोन्ही हात तोंडावर नेले. मग खाली घेतले. "पाच वर्षाआधीचा कुठून भेटला तुमाले?"

"तुमची सीडी."

"ते तं खराब झालती."

"झाली नव्हती. माझ्याकडेच होती. तुम्ही नागपूरला होता तेव्हाही उघडत होती. मी खोटं बोललो."

मला वाटलं होतं ती माझ्याकडे बघेल. तिने भावाकडे पाहिलं. तो बाकावरची पिशवी उगाच नीट करत होता. बाई पदराच्या गाठीतून फोन काढून नंबर लावू लागली. स्पीकर चालू करून तिने फोन माझ्यापुढे धरला. "आमच्या घरचे हायेत. हेच त्याहिले सांगा."

पलीकडून पंपाची घरघर आली. नवरा पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, फवारणीला गेलेला होता. "हॅलो!"

"मी दवाखान्यातून बोलतो," मी म्हणालो.

"कोण? जोरानं बोला! काय झालं तिले?"

"काही नाही झालं! ताई बऱ्या आहेत! डाग वाढला नाही!"

"मंग ओरडून कायले राह्यले बाप्पा?"

"ती जुनी सीडी! चांगली होती! मी खराब सांगितली!"

"रेंज नाई इथं! कोणाची चूक म्हणता?"

"माझी!"

"कोणाची?"

आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी बोललो नसेन. "माझी! सीडीवाल्याची! तुमच्या मेहुण्याची नाही! त्याची काही चूक नाही!"

एक्स-रेच्या रांगेतले लोक मान वळवून बघत होते. शिपाई ट्रेमध्ये चहा घेऊन जागीच उभा. फोनमधली घरघर थांबली. नवऱ्याने पंप बंद केला असावा. थोड्या वेळाने आवाज आला, आता अगदी स्वच्छ. "साळ्याले द्या फोन."

भाऊ फोन घेऊन जिन्याकडे गेला. आम्हाला एवढंच ऐकू येत होतं, "हो जवाई. नाई, तसं काई नाई. येतो न, येतो."

बाई माझ्याकडे वळली. "तुमाले माफ केलं असं नका समजू हो."

"नाही समजत."

"आभाळ आलं का अजून दुखते तिथं." तिने कुशीवर हात ठेवला. मग हात पुढे केला. "माही सीडी द्या वापस."

मी आतून आणून दिली. आता ती घेऊन काय करणार, असं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"जवारीत टांगतो. दाना भरून राह्यला. पाखरं तं भितीन इले."

तेवढ्यात भाऊ परत आला. डोळे लाल होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. त्याने बहिणीच्या हातातली सीडी घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग मला विचारलं, "पुरा उन्हाळा डिक्कीत होती, तरी उघडली, सर?"

"पहिल्याच झटक्यात."

"पाहाय!" तो बहिणीला म्हणाला. "अन् तू माह्या डिक्कीले नावं ठेवत होती!"